पहिलं घर : पुनावळ्यातला चौदावा मजला की वारज्यातला तिसरा?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आम्ही दोघं आणि साडेतीन वर्षांची लेक. पुण्यात कर्वेनगरात भाड्याने राहतो, भाडं २४ हजार. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यामुळे मे अखेर जागा सोडायची आहे. सहा वर्षांतलं हे चौथं घर. मागच्या वेळी गॅसच्या पुस्तकावर पत्ता बदलायला गेले तेव्हा एजन्सीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, परत?" आता पाचव्यांदा त्याच्यासमोर उभं राहायचं नाही, एवढं ठरवलंय.

दोघांचं मिळून हातात १ लाख ३८ हजार येतात. साठलेले १६ लाख. सासरे साताऱ्याला असतात, नुकतेच निवृत्त झालेत, ग्रॅच्युइटीतले ५ लाख देतो म्हणतात. ते घ्यावेत की नाही यावर आमचं एकमत नाही. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडी फेज दोनला, माझं एरंडवण्यात.

अकरा रविवार घालवून दोन घरांवर आलोय.

पुनावळे : बांधकाम चालू, चौदावा मजला, टू बीएचके, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ७१२ चौरस फूट, किंमत ७२ लाख, ताबा अडीच वर्षांनी. जिम, पोहण्याचा तलाव आणि 'झेन गार्डन' नावाचं काहीतरी.

वारजे : २००६ सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट आहे, कार्पेट ६१०, मागताहेत ६८ लाख. रंग उडालाय, बाथरूममधल्या फरशा पाहून वाईट वाटतं. पण मागच्या खिडकीतून टेकडीचा एक तुकडा दिसतो.

नवऱ्याचा कल पुनावळ्याकडे, माझा वारज्याकडे. तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?

आवळासुपारी

वारजे. टेकडीसाठी. बाकी चालू द्या.

फुकटसल्ला

दोन्ही नको. ६८ लाखांच्या घराला भाडं किती, २३-२४ हजार? म्हणजे वर्षाला किमतीच्या जेमतेम ४ टक्के. आणि कर्ज घ्याल, समजा, साडेआठ टक्क्यांनी. तोच पैसा दरमहा म्युच्युअल फंडात टाका आणि सुखाने भाड्याने राहा. घर ही भावनिक खरेदी आहे, हे मान्य करून घ्यावं आणि मग काय तो निर्णय घ्यावा.

ठाणेकरतायडी

६८ लाखांत टू बीएचके! आमच्याकडे घोडबंदर रोडला एवढ्यात खिडकी मिळते, टेकडी वेगळी विकत घ्यावी लागते.

@फुकटसल्ला, तुमचं गणित बरोबर आहे, फक्त त्यात टेंपो नाही. दर अकरा महिन्यांनी टेंपो, हमाल, ब्रोकरचं एक भाडं, पोलीस पडताळणी, नवं डिपॉझिट. आणि तुटलेली कपाटं. माझ्या आईच्या शिसवी कपाटाचा एक पाय मीरा रोडला आहे, एक डोंबिवलीला.

इस्टिमेटवाला

ताई, आधी किमती बरोबर मांडू. जाहिरातीतला आकडा म्हणजे घराची किंमत नव्हे.

पुनावळे ७२ लाख. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, ३ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट ७ टक्के, ५ लाख ४ हजार. नोंदणी ३० हजार. झाले ८० लाख ९४ हजार. त्यात पार्किंग, सोसायटीचं आगाऊ मेंटेनन्स, वीजमीटर वगैरे धरलेलं आहे का ते विचारा, 'ऑल इन्क्लुसिव्ह' या शब्दात प्रत्येक बिल्डर वेगवेगळ्या गोष्टी घालतो. शिवाय अडीच वर्षं तुमचं आत्ताचंच भाडं धरलं तरी ३० गुणिले २४ हजार, म्हणजे ७ लाख २० हजार. आणि त्याच काळात बँकेचं व्याजही सुरू.

वारजे ६८ लाख. जीएसटी नाही. मुद्रांक ४ लाख ७६ हजार, नोंदणी ३० हजार. ७३ लाख ६ हजार, अधिक ब्रोकर. पण दुरुस्तीला ५-६ लाख बाजूला ठेवा. फरशा, नळाच्या पाइपलाइन, वायरिंग. वीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगवर आजचे दोन एसी आणि गीझर चालवू नका.

बँक एवढ्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाही. म्हणजे पुनावळ्याला हातचे साधारण २३ लाख ३५ हजार लागतील, वारज्याला १८ लाख ६६ हजार. तुमच्याकडे १६ आहेत. सासऱ्यांचे ५ धरून २१.

रानजाई

@इस्टिमेटवाला, हे सगळं मी वहीत लिहिलं होतं पण एका ओळीत कधीच आलं नव्हतं. ८० लाख ९४ हजार वाचून नवरा गप्प बसलाय. धन्यवाद म्हणू की नको कळत नाही.

निवांतनाना

सूनबाई (वयाच्या अधिकाराने म्हणतो, रागावू नका), मी १९९१ साली बिबवेवाडीत घर घेतलं तेव्हा माझ्या वडिलांनी ४० हजार दिले होते. मी घेणार नव्हतो. आई म्हणाली, "त्यांना देऊ दे, नाहीतर ते तुझ्या घरी पाहुण्यासारखे बसतील." घेतले. वडील पुढची बावीस वर्षं दर उन्हाळ्यात येऊन गॅलरीच्या गजांना स्वतः रंग द्यायचे.

सासऱ्यांचे पैसे घ्या. पण त्यांची निवृत्तीची सगळीच पुंजी नाही ना, एवढं विचारून घ्या.

कावळ्याचंशेणाचं

नाना, सुरेख.

आता माझा शेणाचा अनुभव. २०१३ मध्ये शहराच्या पूर्वेला एका प्रकल्पात नोंदणी केली. ताबा २०१६ चा सांगितला होता. चावी २०२० च्या जानेवारीत मिळाली आणि मार्चमध्ये लॉकडाउन. बिल्डरचं नाव घेत नाही, प्रकरण अजून चालू आहे. लग्नात सासूबाईंनी विचारलं होतं, "जावईबापू, घर कधी?" मुलगा पहिलीत गेला तेव्हा उत्तर दिलं.

पण आता रेरा आहे, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा; महाराष्ट्रात ते काम महारेरा बघतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. पूर्ण होण्याची मूळ तारीख काय होती, ती किती वेळा पुढे ढकलली, किती सदनिका विकल्या गेल्या, जमिनीवर कज्जे आहेत का, तक्रारी किती, सगळं दिसतं. जाहिरातीवर क्यूआर कोड असणं २०२३ च्या ऑगस्टपासून बंधनकारक आहे, नसेल तर तिथूनच परत फिरा. त्याच बिल्डरचे जुने प्रकल्पही बघा, आणि प्रत्यक्ष जाऊन तिथल्या लोकांशी बोला. आणि करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. कायद्याने त्यांना ती मागताच येत नाही, तरी विक्री विभागातल्या मुली फार गोड बोलतात.

रात्रपाळी

>> विक्री विभागातल्या मुली फार गोड बोलतात

आणि लिंबूसरबत देतात. आम्ही एका उन्हाळ्यात फक्त सरबतासाठी सात साइट पाहिल्या. लेकाला नमुना फ्लॅट म्हणजे बाग वाटायची.

नमुना फ्लॅटबद्दल एक. तिथे आतल्या खोल्यांना दारं नसतात, पाहिलंय का? दार असलं की ते उघडायला जागा लागते. आणि पलंग मापाने छोटा करून घेतलेला असतो. मी त्यावर आडवा झालो, पाय बाहेर. बायको म्हणाली, लोक बघताहेत. मी म्हटलं, बघू देत, ७५ लाखांचा प्रश्न आहे.

आवळासुपारी

टेप घेऊन जा, टेप! आमचे हे प्रत्येक साइटवर टेप काढायचे आणि मी ओळख नसल्यासारखी उभी राहायचे. पण त्या टेपमुळेच कळलं की फ्रिजची जागा २४ इंच ठेवलीय.

बेएरियातलाबंडू

माझं मत पुनावळे. पुढच्या दहा वर्षांत सगळी वाढ तिकडेच होणार. माझ्या भावाने...

ठाणेकरतायडी

बंडोपंत, तुम्ही कॅलिफोर्नियातून पुनावळ्याचा भुयारी मार्ग बघितलाय का सायंकाळी साडेसातला?

बेएरियातलाबंडू

तायडे, गूगल मॅपवर लाल दिसतो तेवढा बघितलाय. वाक्य तरी पूर्ण करू द्यायचंस. भावाने २०१७ ला वाकडमध्ये घेतलं, आज खुशीत आहे. चौदाव्या मजल्यावर वारा आणि उजेड असतो, लहान मुलांना खाली खेळायला गाड्यांशिवायची जागा असते. जुन्या इमारतींमध्ये मुलं पार्किंगमध्येच खेळतात. हा मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून मांडला.

रानजाई

बंडूदादा, हाच नवऱ्याचा मुद्दा. लेक खाली उतरून खेळेल म्हणतो. वारज्याच्या इमारतीत खाली खरंच गाड्याच आहेत. एक पेरूचं झाड आहे, त्याला 'पेरू तोडू नयेत, आदेशावरून' अशी पाटी.

रात्रपाळी

म्हणजे अस्सल पुणेरी सोसायटी. डोळे झाकून घ्या.

इस्टिमेटवाला

डोळे झाकून काहीही घेऊ नका.

जुनी इमारत कशी बघायची ते लिहितो. पहिल्यांदा पार्किंगमध्ये जा. कॉलमवर उभी, सरळ, सळईच्या रेषेत गेलेली भेग दिसते का? त्यातून गंजाचे तपकिरी ओघळ? तर आतली सळई फुगायला लागलीय. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर त्यांना घाबरू नका. मग गच्चीवर जा. पाणी साचल्याचे डाग, पत्र्याची शेड, टाकीखालची ओल. मग तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवा आणि त्यांचं बाथरूम कुठे येतं ते बघा. बाथरूमच्या छताला नवाकोरा रंग आणि बाकी घर जुनं, असं असेल तर तो रंग परवाच दिलाय असं समजा.

सोसायटीकडे संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची ती दर पाच वर्षांनी करायची असते. केली नसेल तर का नाही, हे सेक्रेटरीच्या तोंडून ऐका. उत्तरापेक्षा सूर महत्त्वाचा.

दस्तनोंदणी

वकिली पेशातली आहे, तरी हा सल्ला फुकट आहे हे लक्षात ठेवून वाचा.

रीसेलमध्ये चार गोष्टी. पहिली, करारांची साखळी. बिल्डर ते पहिला मालक, पहिला ते दुसरा, असे सगळे मूळ नोंदणीकृत करार आणि प्रत्येकाची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा उतारा. मधला एक जरी हरवला असेल तर बँक अडवते. दुसरी, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला. 'सगळे राहतायत की हो' हे प्रमाणपत्र नव्हे. तिसरी, विकणाऱ्याचं कर्ज आहे का. असेल तर त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र घ्या, तुमची बँक थेट त्या बँकेला पैसे देईल. चौथी, जमिनीचं अभिहस्तांतरण. २००६ च्या इमारतीत ते झालं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे, आणि उद्या पुनर्विकासाच्या वेळी सगळं तिथेच अडकतं. सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव (म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी होणाऱ्या) अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते, पण त्यासाठी कुणीतरी खेटे घालायला हवेत.

आणखी एक. घर ५० लाखांच्या वर आहे, त्यामुळे १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा आयकर, तुम्ही त्याच्या रकमेतून कापून भरायचा असतो. विकणारा परदेशात राहत असेल तर हा १ टक्का लागू नाही, बराच जास्त कापावा लागतो. आधी विचारा.

रानजाई

विकणारे काका इथलेच, मुलीकडे नाशिकला चाललेत. कर्ज नाही. अभिहस्तांतरण 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाले. किती वर्षं, विचारलं तर म्हणाले, "चालूच असतं ते."

निवांतनाना

आमच्या सोसायटीचं १९९७ पासून चालूच होतं. शेवटी निवृत्त झाल्यावर मीच फायली उचलल्या. दोन वर्षं लागली. त्या कार्यालयातला चहावाला आता मला नावाने हाक मारतो.

जमाखर्च

घर ताईंच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. ६८ लाखांवर ६८ हजार. मात्र नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. पूर्वी अशी अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही, ती २०२३ मध्ये काढून टाकली.

फुकटसल्ला

म्हणजे सगळा हप्ता नवरा भरणार आणि घर बायकोचं. वा.

दस्तनोंदणी

सगळा हप्ता नवरा भरणार हे कुठे लिहिलंय वर? दोघं कमावतात. गेली शंभर वर्षं घरं नवऱ्यांच्या नावावर झाली तेव्हा 'वा' म्हणायला कुणी आलं नव्हतं.

तांत्रिक भाग : नवरा मालक नसतानाही सहकर्जदार होऊ शकतो. पण मालक नसेल तर त्याला व्याजाची करसवलत मिळणार नाही. ती जुन्या करप्रणालीतच आहे, व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराला ती नाहीच. त्यामुळे दोघंही नव्या प्रणालीत असाल तर हा तोटा शून्य.

पॉपकॉर्नवाली

घेऊन बसले आहे. चालू द्या.

फुकटसल्ला

हलके घ्या हो. मी स्वतः बायकोच्या घरात राहतो.

ठाणेकरतायडी

हाहाहा! आणि आम्हाला भाड्याने राहा सांगतो!

फुकटसल्ला

अहो, तेच तर सांगतोय. मी भाडं भाजी आणण्याच्या स्वरूपात देतो.

कावळ्याचंशेणाचं

धागा भरकटण्याआधी पाणी. कुणीच पाण्याचं बोललं नाही. पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं आणि तिथे २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे. नव्या मोठ्या सोसायट्यांचं भागत नाही, मग टँकर. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो. 'मेंटेनन्स स्क्वेअर फुटाला चार रुपये' असं सांगतात ते टँकरशिवायचं असतं.

त्या साइटच्या शेजारच्या, राहती असलेल्या सोसायटीसमोर सकाळी सात वाजता जाऊन उभे राहा आणि टँकर मोजा. एप्रिलमध्ये, जानेवारीत नव्हे. वॉचमनला विचारू नका, तो सांगणार नाही. इस्त्रीवाल्याला विचारा. त्याला प्रत्येक घरातलं सगळं माहीत असतं.

आवळासुपारी

वारज्यातही वाचाल असं नाही हं. जलशुद्धीकरण केंद्र तिथेच आहे, पण गुरुवारी पाणी बंद असलं की आमचे वारज्याचे मेहुणेच सगळ्यात आधी आमच्याकडे आंघोळीला येतात.

रानजाई

आज सकाळी सहा चाळीसला दोघं पुनावळ्याला गेलो. लेकीला शेजारच्या आजींकडे झोपलेली ठेवून. पाऊण तासात नऊ टँकर. इस्त्रीवाल्या भाऊंनी चहा पाजला. म्हणाले, "मे महिन्यात या, मग मोजा." नवरा गाडीत काही बोलला नाही.

पिठलंभाकर

मी शेवटपर्यंत वाचत आले आणि एक गोष्ट कुणी विचारली नाही. लेक दिवसभर कुणाकडे असते?

रानजाई

पाळणाघरात. आमच्या गल्लीपासून चार मिनिटांवर एक काकू आहेत. लेक सात महिन्यांची होती तेव्हापासून. मला ऑफिसात उशीर झाला तर जेवू घालून ठेवतात. तिला वरणभातावर लिंबू लागतं आणि तूप आधी नाही, नंतर लागतं, हे मला त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच कळलं की हिचं काहीतरी बिनसलंय.

पिठलंभाकर

मग पुनावळ्याच्या किमतीत काकू धरल्या का?

तू एरंडवण्यात, नवरा हिंजवडीत. पुनावळ्याहून तुला एका बाजूचा सव्वा तास, पावसाळ्यात जास्त. पाळणाघर सातला बंद. रोज सव्वासातला धापा टाकत पोचणारी आणि 'सॉरी, सॉरी' म्हणणारी बाई मी नऊ वर्षं होते, म्हणून सांगते. माझ्या मुलाला अजून आठवतं की सगळी मुलं गेली की मावशी एक ट्यूबलाइट बंद करायच्या.

वारज्याहून काकू दहा मिनिटांवर. मोजमाप कार्पेटचं घेताय, ते घ्याच. पण दिवस कसा जाणार त्याचंही टेप लावून बघ.

निवांतनाना

+१. वाचनखूण साठवली.

बेएरियातलाबंडू

मी मत मागे घेतो. वारजे.

वाकडवासी

जरा उशिरा आलो. सगळे एका बाजूला झालेत म्हणून दुसरी बाजू लिहितो. आम्ही तुमच्यासारखेच, २०१९ ला पलीकडच्या रावेतमध्ये घेतलं, पुढे वाकडला मोठं. टँकर आहेत, ट्रॅफिक आहे, मान्य. पण इमारतीत पाच वर्षांखालची तीसेक मुलं. पाळणाघर इमारतीतच, सातव्या मजल्यावर. बायकोला आजारपणात शेजारणींनी डबे दिले, ते कर्वे रोडला माझ्या काकूच्या वाड्यात झालं नसतं, तिथे शेजारी जिना झाडण्यावरून बोलत नाहीत. नव्या वस्तीत सगळेच नवे असतात, सगळ्यांनाच कुणीतरी हवं असतं. नवऱ्याचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. रोज हिंजवडीला जाऊन येणं त्याच्याही अंगावर येतं. चांदणी चौकाचा पूल २०२३ ला झाला, तरी वाकडपुढे जे व्हायचं ते होतंच.

एक चूक मात्र सांगतो. २०२२ ला कर्जाची रक्कम वाढवली तेव्हा ताणून वाढवली. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) एप्रिल २०२२ ला ४ टक्के होता, पुढच्या फेब्रुवारीत साडेसहा. बँकेने हप्ता थोडाच वाढवला आणि बाकी मुदत वाढवली. वीस वर्षांचं कर्ज, पत्र उघडलं तर सत्तावीस वर्षं. मी निवृत्त झाल्यावरही सहा वर्षं हप्ता. तेव्हा जेवढं मिळतंय तेवढं घेऊ नका.

जमाखर्च

वाकडवासींना अनुमोदन. वारज्याचं धरा, कर्ज ५४ लाख ४० हजार, साडेआठ टक्के, २० वर्षं : हप्ता सुमारे ४७,२००. हातात येतात त्याच्या ३४ टक्के. झेपेल, पण दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली तर झेपेल का, हे मांडा. सहा हप्त्यांएवढी रक्कम मुदत ठेवीत ठेवा आणि ती सजावटीला वापरू नका. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आधी फेडल्याचा दंड नसतो. वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरलात तर अशा कर्जाची साधारण साडेतीन वर्षं कमी होतात.

रानजाई

@वाकडवासी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. त्याला बरं वाटलं की कुणीतरी त्याच्या बाजूने बोललं. रात्री बराच वेळ बोललो. त्याला झेन गार्डन नको होतं म्हणे. त्याचं लहानपण साताऱ्यात सरकारी वसाहतीत गेलं, दर तीन वर्षांनी दुसऱ्यांनी वापरलेलं घर. कुणाच्या तरी फोटोफ्रेमच्या जागेचा पांढरा चौकोन भिंतीवर असायचा. त्याला एकदा कोरं घर हवं होतं. अकरा रविवारांत हे त्याने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

आवळासुपारी

अगं...

इस्टिमेटवाला

सगळं प्लास्टर काढून नवं करता येतं. खर्च सांगतो, त्याला सांगा. चौकोन राहणार नाही.

रानजाई

(पाच आठवड्यांनी.)

धागा वर काढतेय. वारजे घेतोय.

बँकेच्या माणसाने मूल्यांकन ६३ लाख काढलं. इमारत जुनी म्हणून. कर्ज त्याच्या ८० टक्के, ५० लाख ४० हजार. पायाखालची जमीन सरकली, कारण आम्ही ६८ च्या हिशोबाने चाललो होतो. नाशिकवाल्या काकांना बँकेचा कागदच दाखवला. त्यांनी आतल्या खोलीत जाऊन मुलीला फोन केला, बाहेर आले आणि साडेसहासष्ट म्हणाले. आम्ही हो म्हटलं. सासऱ्यांचे ५ लाख घेतले. नाना, तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला होता. ते म्हणाले, "गजांचा रंग कोणता आहे आत्ता?"

घर माझ्या एकटीच्या नावावर, सहकर्जदार नवरा. हे त्यानेच ठरवलं. @फुकटसल्ला, तो भाजी आणणार आहे.

इस्टिमेटवाल्या दादांच्या सांगण्यावरून कॉलम बघितले, ठीक आहेत. वरच्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजवली. त्यांनी बाथरूम दाखवलं आणि मग दोन तास सगळ्या इमारतीचा इतिहास. आमच्या छताचा रंग खरंच परवाच दिलाय. गळती आजींच्या गीझरच्या जोडातून होती, काकांनी दुरुस्तीचा खर्च देऊन टाकला.

एक अडचण. सोसायटीचे सेक्रेटरी हस्तांतरणासाठी 'इमारत निधी' म्हणून १ लाख मागताहेत.

दस्तनोंदणी

हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे घर नव्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५ हजार. त्यावर देणगी, निधी, विकास, कोणत्याही नावाने सक्ती करता येत नाही. लेखी मागणी करा म्हणावं. लेखी मागत नाहीत असा अनुभव आहे.

रानजाई

"लेखी द्याल का?" एवढंच विचारलं. म्हणाले, "राहू द्या, तुम्ही नवीन आहात." २५ हजारांचा धनादेश दिला, पावती घेतली. आणि अभिहस्तांतरणाच्या समितीत नवऱ्याचं नाव घातलं.

निवांतनाना

अभिनंदन! नवऱ्याला सांगा, त्या कार्यालयात जाताना दुपारचं दीड ते अडीच टाळायचं.

जमाखर्च

राहायला गेलात की महापालिकेत पीटी-३ अर्ज भरा. स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. अर्ज न भरल्यामुळे पूर्ण बिल आलेले माझ्या ओळखीत तिघे आहेत, तिघेही सीए.

पिठलंभाकर

काकूंना सांगितलंस का?

रानजाई

सांगितलं. त्या म्हणाल्या, "वारजे ना? मग रडतेस कशाला, मला वाटलं लांब चाललात." लेक घर बघायला आली होती. सगळ्या खोल्या फिरली आणि विचारलं, "आणि इथले काका कुठे झोपणार?" नाशिकला, म्हटलं. तर म्हणे, मग त्यांना पेरू द्या जाताना. पाटी तिला वाचता येत नाही अजून.

आता एक शेवटचा प्रश्न. ओटा काळ्या ग्रॅनाइटचाच करावा की दुसरं काही? आणि सिंक खिडकीखाली असावं ना?

रात्रपाळी

ओट्यासाठी वेगळा धागा काढा ताई. हा इथेच संपला तर बरा, तिकडे तीनशे प्रतिसाद होतील.

आवळासुपारी

काळा. पण खिडकीखाली सिंक नको, टेकडीकडे बघत पोळ्या करायच्या असतात, भांडी नव्हे.

ठाणेकरतायडी

भांडीच! पोळ्या करताना वर बघायला वेळ कुठे असतो?